गंजलेली जीप घरी उभी करायची तर: गोव्याचा पाऊस धरून केलेलं नियोजन

जुनी जीप बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन सुरू होतं का, धूर कसला येतो, टायर किती शिल्लक आहेत, एवढ्यावर सौदा ठरतो. खरं तर या गाडीत इंजिन ही सगळ्यात सोपी बाब आहे. महिंद्रा एमएम ५४० चं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल असो की मारुती जिप्सीचं पेट्रोल, दोन्ही खोलून बांधणारे मेस्त्री फोंड्यापासून म्हापशापर्यंत आहेत आणि भागही मिळतात. मिळत नाही ती धड चेसिस. म्हणून आधी ताडपत्री अंथरून गाडीखाली झोपायचं, बॉनेट मागाहून.

इथे मी ५४० जीप डोळ्यांसमोर धरून लिहितोय. जिप्सीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, कारण दोन्हींची रचना एकाच जातीची आहे: शिडीसारखी चेसिस, मागेपुढे सलग अॅक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (लीफ स्प्रिंग). जिप्सीचा पत्रा जरा पातळ, एवढं लक्षात ठेवा.

घेण्याआधी: गाडीचा पूर्वेतिहास

मालकाला किलोमीटर विचारू नका, त्या मीटरला काही अर्थ नसतो. गाडीने काय काम केलं ते विचारा. मासळीच्या पेट्या वाहिलेली जीप असेल तर मागचा फ्लोअर आणि त्याखालचा क्रॉस मेंबर (चेसिसचा आडवा दांडा) संपलेला असणार, कारण बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं तिथेच ठिबकलेलं असतं. किनाऱ्यालगत उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून कमी आणि सांध्यांमध्ये जास्त गंजते. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यातल्या गाडीचा पत्रा त्यामानाने बरा असू शकतो, पण खनिजाची बारीक धूळ बेअरिंगात आणि ब्रेक ड्रममध्ये शिरलेली असते. कुळ्यातून दूधसागरच्या वाटेवर नदी ओलांडत धावलेल्या गाडीचे दोन्ही डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारे गिअरचे डबे) आधी उघडून बघा. सत्तरीच्या बागायतीत उभी असलेली, केळी-सुपारी वाहिलेली जीप मला सगळ्यात जास्त पसंत. तिच्यावर चिखल असतो, पण मीठ नसतं.

आता चेसिस. अर्धा किलोची हातोडी आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या. पुढून मागे, दर चार बोटांवर हलका ठोका मारत जा. धड लोखंड खणकन वाजतं, हातोडी उसळते. आतून कुजलेल्या जागी आवाज बसका येतो, हातोडी तिथेच बसते आणि बहुधा गंजाची खपली तुमच्या चेहऱ्यावर पडते, म्हणून गॉगल घाला. संशय आला तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. मागचा क्रॉस मेंबर, मागच्या पाट्यांचे हँगर (पाटे चेसिसला अडकवणारे ब्रॅकेट), बॅटरीखालचा भाग, बॉडी ज्यावर बसते ते ब्रॅकेट आणि चेसिसची खालची आतली कड, जिथे लाल माती साचून ओल धरते, या जागा सोडू नका. काळं डांबरी अंडरकोटिंग ताजं मारलेलं दिसलं तर ते खरवडायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

एखादा क्रॉस मेंबर गेला असेल तर तो नवा करता येतो. पण दोन्ही बाजूंचे मुख्य दांडे हँगरपाशी मऊ झाले असतील तर ती गाडी सोडा. दुसरी चेसिस टाकू असा विचार मनात आला तरी थांबा, कारण गाडीची कायदेशीर ओळख त्या चेसिसवर ठोकलेल्या नंबरात आहे.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. नूतनीकरण राहिलेलं असेल, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल किंवा लष्करी लिलावातून आलेली असेल तर पैसे देण्याआधी वाहतूक खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. इंजिन बदलायचं तर आधी मंजुरी, मग काम. रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. आणि जीपवाल्यांचा आवडता लष्करी हिरवा रंग विसरा: केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बुल बारवरही केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं.

काम सुरू करण्याआधी चेसिस नंबर शोधा, साफ करा, कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्या, फोटो काढा, वर ग्रीस लावून टेप चिकटवा. ग्राइंडर फिरवणाऱ्या पोराला तो नंबर दिसत नाही, त्याला फक्त गंज दिसतो.

पंचांग

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत घासलेला कोरा पत्रा रात्रीत तांबूस होतो. तेव्हा काम असं लावायचं: चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की गाडी खोलायला घ्या. दिवाळीपर्यंत सगळं सुटं झालेलं असावं. नोव्हेंबर-डिसेंबरात गंज काढणं आणि वेल्डिंग, जानेवारी-फेब्रुवारीत रंग, शिमग्यापर्यंत चाकांवर. एप्रिल-मे वायरिंग आणि बारीकसारीक कामांना. मृगाच्या आत बॉडी बंद झाली नाही तर अर्धं काम पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागतं. इंजिन, गिअरबॉक्स, डायनॅमो-स्टार्टर असली टेबलावरची कामं मात्र पावसासाठीच राखून ठेवा. आमच्याकडे बरेच जण नेमकं उलटं करतात.

खोलणं

गाडी उचलताना चिऱ्यांवर टेकवू नका. गोव्यात हे सर्रास चालतं, अंगणात चिरे पडलेलेच असतात. पण चिरा दाबाखाली कधी फुटेल याची खात्री नाही आणि फुटताना तो आधी सांगत नाही. लोखंडी जॅक स्टँड घ्या, जमीन मातीची असेल तर खाली जाड फळी.

बॅटरी काढा, डिझेलची टाकी रिकामी करून गाडीपासून लांब ठेवा. प्रत्येक जोडणीचे सुटण्याआधी फोटो. बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिल. मार्करची शाई डिझेलने उडते.

जाम बोल्ट हा वेगळा अध्याय. लगेच पान्यावर पाइप घालून लोंबकळायचं नाही. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा. मग आत झिरपणारं तेल मारा. दुकानातलं नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अॅसिटोन निम्मेनिम्मे चालतं. रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मारा, बोल्टच्या डोक्यावर सरळ दोन-चार ठोके द्या. मग सहा कोनांचा सॉकेट लावून आधी किंचित आवळायच्या दिशेला. ‘कट्’ असा आवाज आला की गंजाची पकड सुटली. आता थोडं उलटं, थोडं सुलटं करत बाहेर आणा. तरीही नाही हलला तर नट गॅसने लाल करा, पण आसपास रबर, तेल आणि मघाची अॅसिटोन नसेल याची खात्री करून. बॉडी माउंटचे बोल्ट मात्र मी सोडवत बसत नाही, सरळ कापतो. ते पुन्हा वापरायचे नसतातच.

बॉडी उचलण्याआधी दरवाजाच्या मोकळ्या जागेत आडवे-तिरके अँगल टाचून घ्या, नाहीतर कुजलेला फ्लोअर कापला की बॉडी पसरते आणि मग समोरची काच बसत नाही. चार-पाच शेजारी जमले की बॉडी उचलली जाते. उघड्या चेसिसचे कर्ण मोजा: पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलटं. दोन्ही मापांत पाच-सात मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर गाडी कधीतरी आपटलेली आहे. ती सरळ करायला चेसिस ओढणाऱ्या वर्कशॉपातच न्या.

गंज काढणं

चार इंची ग्राइंडरला पिळाच्या तारांचा कप ब्रश, हे मुख्य हत्यार. तारा तुटून गोळीसारख्या उडतात, त्यामुळे चेहऱ्यावर पूर्ण शील्ड आणि अंगात जाड सुती कपडे. ज्या जागी ब्रश पोचत नाही तिथे फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर. पण ते लावायचं उरलेल्या पातळ गंजावर, सुटणाऱ्या खपल्यांवर नाही.

ब्रॅकेट, बिजागऱ्या, पेडल असल्या लहान भागांना विजेचा उपाय उत्तम. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, दर चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी भाग काळा होऊन निघतो, ब्रशने धुतला की कोरा. पट्टी स्टेनलेसची वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून पिंप उघड्यावर, विडी-सिगरेट लांब.

चेसिससाठी औद्योगिक वसाहतीतून ब्लास्टिंग करून आणणं सगळ्यात चांगलं. मात्र कोणी स्वस्तात किनाऱ्याची किंवा खाडीची वाळू वापरतो म्हणाला तर परत फिरा. मीठ लोखंडात ठोकून घेण्यासारखं आहे ते, शिवाय कोरड्या वाळूची धूळ फुप्फुसं खाते. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग विचारा. बॉडीचा पत्रा ब्लास्टिंगला देऊ नका, माऱ्याने पत्र्याला लाटा येतात.

वेल्डिंग

पत्र्याला मिग (तार आणि गॅसचं वेल्डिंग), ०.८ मिलिमीटर तार. उघड्या अंगणात वारा गॅस उडवून नेतो आणि टाक्यात भोकं पडतात, त्यामुळे तिन्ही बाजूंनी आडोसा करा. फ्लोअरला १६ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, बाजूंना १८ गेज. जीपची बॉडी बहुतेक सपाट असल्यामुळे पत्रा वाकवण्याचं काम साध्या बेंडिंगवाल्याकडे होतं, हा या गाडीचा मोठा उपकार. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा गंजत नाही म्हणून घेऊ नका. वेल्ड करताना जस्ताचा धूर ताप आणतो आणि वेल्डच्या रेघेवरचं जस्त जळून जातं ते जातंच.

कुजलेला भाग कापताना चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. पातळ कडेला टाका धरत नाही, ती वितळत मागे सरकते. सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, दुसरा वितीवर, तिसरा मधे, असं करत जा आणि मधूनमधून हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा. जिथे पत्र्यावर पत्रा चढतो, तिथे आत वेल्ड-थ्रू प्राइमर. काम झाल्यावर प्रत्येक सांध्यावर सीम सीलर. लांबी (पुटी) भरून भोक बुजवणारे पेंटर आहेत, त्यांचं काम दोन पावसाळे टिकतं.

चेसिसचं वेल्डिंग वेगळं. जाडी मूळ जेवढी तेवढीच, ठिगळाचा आकार उभ्या चौकोनाऐवजी हिऱ्यासारखा, म्हणजे ताण एका उभ्या रेघेत साचत नाही. वरच्या आणि खालच्या कडेवर आडवा टाका मारायचा नाही. हे काम नवशिक्याने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही घासा, मापा, तुकडा कापून टाचून ठेवा आणि शेवटचं वेल्डिंग ट्रकच्या चेसिस करणाऱ्या वेल्डरकडून घ्या. त्याला आत कितपत जायचं हे हाताला माहीत असतं. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्ड करू नका, विषारी वायू होतो. जवळ वाळूची बादली आणि पाण्याचा पाइप ठेवा, काम संपल्यावरही अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका.

रंग

सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत प्राइमरखाली गेला पाहिजे. एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढंच घासा. रेड ऑक्साईड स्वस्त आहे, पण ओल आत जाऊ देतं. दोन भागांचं इपॉक्सी प्राइमर घ्या. पहाटे पत्र्यावर हात फिरवला तर जानेवारीतही ओला लागतो. म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीन, एवढ्याच वेळात रंग.

चेसिसवर दोन हात इपॉक्सी ब्रशने, वर काळा चेसिस पेंट. पावडर कोटिंग दिसायला देखणं, पण एकदा खडा लागून उडालं की पाणी त्याच्या खालून पसरतं आणि वरून काही दिसत नाही. बॉडीचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी स्प्रे करू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला साधा मास्क पुरत नाही. बूथ असलेल्या पेंटरला द्या.

रंग वाळल्यावर पोकळ भागांत पातळ कॅव्हिटी वॅक्स, लांब नळीने, पाणी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवून. फ्लोअरच्या सगळ्यात खोल जागी भोकं पाडून रबरी बुचं बसवा. गालिचा नको, ॲल्युमिनियमची चेकर प्लेटही नको: तिच्याखाली पाणी अडकतं, आणि खारं असेल तर ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजायला लागतं. पावसाआधी खालून जळकं ऑइल मारायची जुनी रीत आहे. गंज त्याने थोडा थांबतो हे खरं, पण रबराचे बुश फुगतात आणि पहिल्या पावसात ते ऑइल शेजारच्याच्या विहिरीकडे जातं.

चालणारे भाग

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका. ग्लो प्लगच्या भोकांतून डिझेल आणि एटीएफ सोडा, दोन-तीन दिवस ठेवा, पुढच्या क्रँक नटवर पाना लावून हाताने हलवा. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. रेडिएटर मात्र आतून साफ करून घ्या.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. लोखंडी नळ्या सगळ्या नव्या, होज नवे, मास्टर आणि व्हील सिलिंडरचे रबर नवे. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, आपल्या हवेत ते दरवर्षी बदला. पाटे खोलून प्रत्येक पान घासा, मधे ग्रॅफाइट लावा. पाटे बांधणारे यू-बोल्ट जुने पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा ताणलेला यू-बोल्ट नीट धरत नाही.

वायरिंग जुन्यात जोड देण्यापेक्षा नवं ओढा. हेडलाइटला रिले, प्रत्येक फांदीला फ्यूज. अर्थिंगच्या जागा रंग खरवडून कोऱ्या करा आणि जोडल्यावर ग्रीस लावा. निम्म्या विद्युत तक्रारी तिथेच असतात.

बदल: कुठे थांबायचं

टायरचं गणित आधी कागदावर करा. २३५/७५ आर १५ ची उंची: रिम ३८१ मिलिमीटर, अधिक दोन्ही बाजूंच्या भिंती १७६ चे दोन, म्हणजे सुमारे ७३३. जीपच्या जुन्या ६.००-१६ टायरच्या जवळपास तेवढंच. म्हणजे रुंद टायर मिळाला आणि गिअरिंग बिघडलं नाही. ३१ इंची टायर घातला तर उंची ७८७ होते, सात टक्के जास्त. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ला असते, चढावर एक गिअर खाली पाडावा लागतो, ब्रेक उशिरा लागतात आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. शिवाय तो कागदात बसत नाही.

लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणं, दोन इंचांच्या वर कशाला हवी? नुसतं शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) लांब केलं तर पुढच्या अॅक्सलचा कास्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि हमरस्त्यावर गाडी भरकटायला लागते. मग पाट्याखाली उतरती पाचर घालून तो कोन परत आणावा लागतो. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात ते वेगळंच. पुढे डिस्क ब्रेक हा बदल मला पटतो, पण मास्टर सिलिंडर आणि बूस्टर त्याला जुळणारे हवेत, आणि आधी परवानगी.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित बदल म्हणजे अॅक्सलच्या ब्रीदरच्या (हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या भोकाच्या) नळ्या. चालून तापलेला अॅक्सल नदीच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. दोन्ही अॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या. शे-दोनशे रुपयांचं काम. स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) याच्या नंतर. त्याचा प्रत्येक जोड हवाबंद नसेल तर ते नुसतं शोभेचं. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी घेऊन जायचं कुठे, याचाही विचार करा. किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे आणि भरतीच्या वाळूत रुतलेल्या गाडीच्या चेसिसवर तुमचं वर्षभराचं काम एका दिवसात वाया जातं. म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. सत्तरीतल्या एखाद्या ओळखीच्या बागायतदाराची वाट, त्याला विचारून, पहिल्या चाचणीला पुरेशी आहे. फेरीबोटीतून दिवार किंवा चोडणला जाऊन आलात तर घरी येताच गोड्या पाण्याने खालून धुवा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, बॉडी माउंट, चाकांचे नट, स्टिअरिंगचे सांधे पुन्हा आवळा. पहिल्या मोठ्या सरीनंतर टॉर्च घेऊन आत बसा, कुठे थेंब येतो तिथे खडूने खूण करा, सीम सीलर घेऊन त्या जागा बंद करा. पहिली नदी ओलांडली की दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शियलचा खालचा बोल्ट किंचित सैल करून पेलाभर ऑइल काढा. दूध घातलेल्या चहासारखं निघालं तर सगळं ऑइल काढून नवं भरा आणि पुढच्या नदीआधी सील बदला.